नानांचं दप्तर

नानांचा कर्वेनगरात एक फ्लॅट आहे. एकच. वन बीएचके, दुसरा मजला, बाल्कनीत उभं राहिलं की समोरच्यांची बाल्कनी आणि त्यांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. पण नाना "आमची प्रॉपर्टी" असं म्हणाले, की नवख्या माणसाला वाटतं, या गृहस्थांकडे निदान पाच गावांची जहागीर असणार, वसुलीला कारकून असणार. प्रत्यक्षात जहागीरदार नाना, कारकून नाना आणि भाडं का आलं नाही हे विचारायला स्कूटरवरून जाणारा शिपाईही नानाच.

भाड्याचं उत्पन्न म्हणजे बसून खायचं उत्पन्न, असं गुंतवणुकीची व्याख्यानं देणारी मंडळी सांगतात. त्यांना एकदा नानांकडे आणून सोडलं पाहिजे. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाल्यापासून नाना जे म्हणून बसलेले दिसतात, ते या फ्लॅटच्या कागदांसमोरच. बेडरूममधलं गोदरेजचं कपाट नानींच्या साड्यांसाठी घेतलं होतं. आता त्यात साड्यांना एक कप्पा आहे आणि बाकी चार कप्प्यांत फ्लॅट राहतो. खरेदीखत, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट यांच्या मूळ प्रती सर्वांत वर. मग मिळकतकर, लाइट बिल, सोसायटी. त्याखाली दर भाडेकरूची स्वतंत्र फाइल. सर्वांत खाली 'किरकोळ' नावाची एक फाइल आहे आणि ती सगळ्यांत जाड आहे.

जुन्या फाइली नाना सुती फडक्यात बांधून ठेवतात. "पेशवे दप्तरात कागद असेच रुमालात बांधलेत," असं ते सांगतात. "म्हणून अजून सापडतात."

"पण नाना, तिथे राज्याचा कारभार होता," मी एकदा म्हणालो.

"राज्य गेलं. कागद राहिले," नाना म्हणाले आणि गाठ आवळली.

हे वेड नानांना उगाच लागलेलं नाही. त्यांच्या वडिलांचा शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला वाडा होता. वाड्यात बिऱ्हाडं होती आणि भाडं १९४७ च्या कायद्याने जखडलेलं. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं असेल तेच प्रमाण भाडं, असा साधारण हिशेब. आता १९४० साली कोण काय देत होतं याचा पुरावा एकच, वडिलांची पावतीपुस्तकं. ती माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. वडिलांनी माणसं बाहेर काढली, देव बाहेर काढले, ट्रंक राहिली. पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली, तिच्यात चिखल होता. आणि मग सगळी बिऱ्हाडं परत राहायला आली तेव्हा प्रत्येकाला १९४० सालचं भाडं वेगवेगळं आठवायला लागलं. वडिलांना पंधरा आठवे, भाडेकरूंना नऊ. नाना तेव्हा अकरा वर्षांचे. पुढची कित्येक वर्षं घरात जेवताना कोर्टाच्या तारखांखेरीज दुसरा विषय नव्हता.

तरी माणूस शहाणा होतो का? वडिलांनी पुढे दोन खोल्या चुलतभावाच्या मेहुण्याला दिल्या. भाड्याने नाही हं. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे अब्रूने सांगायचं तर पाहुणा म्हणून. तर सरकारने कायद्यात दुरुस्ती केली, की १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी असा परवाना चालू असलेला जो कोणी जागेत असेल तो भाडेकरूच समजावा. मेहुणा त्या दिवशी जागेत होता. सकाळी चहाला पाहुणा होता, रात्री निजताना भाडेकरू होता. वाडा पडून इमारत झाली तेव्हा त्याच्या मुलाला तिथे फ्लॅट मिळाला. नानांनी आपल्या वाट्याच्या पैशांतून १९९८ मध्ये कर्वेनगरचा हा फ्लॅट घेतला. नानांकडे १ फेब्रुवारीला कोणतंही शुभकार्य करत नाहीत. अर्थसंकल्प अलीकडे त्याच दिवशी मांडतात, हेही त्यांना सूचक वाटतं.

त्यामुळे करार हा नानांच्या दृष्टीने सोळा संस्कारांपैकी राहून गेलेला सतरावा. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असं कोणी म्हणालं, की नाना चहाचा कप खाली ठेवतात. कप खाली ठेवला की पुढची वीस मिनिटं गेली असं समजावं. अकरा महिन्यांची पळवाट नोंदणी कायद्यातली. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवायला नको, एवढ्यावर सगळा देश विसंबून आहे. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला, आणि त्याच्या कलम ५५ ने सांगितलं, की करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा. अकरा महिने असो की अकरा दिवस. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. "आणि वर भाडेकरू अटी सांगेल त्या खऱ्या धरणार!" यातली कैद नानांना एक वेळ चालेल. भाडेकरू सांगेल ते खरं, हे मात्र त्यांना शनिवार पेठेत घेऊन जातं.

हल्ली करार घरबसल्या होतो. एजंट मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. परताव्याच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. हे सगळं नानांनी आदल्या रात्रीच कागदावर मांडून ठेवलेलं असतं आणि मुलाच्या लॅपटॉपवरचा आकडा आपल्याशी जुळला की ते त्याला "बरोबर आहे" असं सांगतात. गेल्या खेपेला त्यांनी मलाही साक्षीला बोलावलं होतं. भाडेकरूचा अंगठा लागला. माझा लागला. नानांचा लागेना. मुलाने यंत्र पुसलं, नानांनी अंगठा धोतराला पुसला, पुन्हा लावला. नाही. आयुष्यभर बोटाला थुंकी लावून पानं उलटल्याने रेषाच गुळगुळीत झालेल्या.

"काका, जरा डोक्यावरून बोट फिरवा. केसांचं तेल लागलं की घेतं कधी कधी."

नानांच्या डोक्यावर केस हा विषय १९८५ सालीच निकालात निघालेला आहे. मुलाने डोकं बघितलं आणि ओशाळला. मग नाना गंभीरपणे उठले, स्वयंपाकघराच्या दारात पोळ्या लाटत असलेल्या नानींपर्यंत गेले आणि लग्नाला पन्नासेक वर्षं झालेल्या त्या दांपत्यात, आम्हा सगळ्यांच्या देखत, नानांनी नानींच्या अंबाड्यावरून हळूच अंगठा फिरवला.

"अहो!" नानी म्हणाल्या.

"कामासाठी आहे," नाना म्हणाले.

अंगठा लागला. नानींच्या खोबरेलावर महाराष्ट्र शासनाने नानांना ओळखलं. त्याच संध्याकाळी 'किरकोळ'मध्ये नोंद झाली: 'उजवा अंगठा, चौथ्या प्रयत्नात मान्य.'

करारानंतर पोलिसांना कळवायचं, ते झालं की खरा सोहळा. ताबा यादी. नव्या भाडेकरूला नाना किल्ली आधी देत नाहीत; त्याला घेऊन घरभर हिंडतात. दर वस्तूसमोर दोघांनी थांबायचं, नानांनी वाचायचं, भाडेकरूने 'हो' म्हणायचं. ही यादी मी वाचली आहे, तेव्हा खात्रीने सांगतो:

"हॉल. पंखा क्र. १, पांढरा, तीनवर ठेवल्यास टकटक करतो, चारवर करत नाही. ट्यूब दोन, पैकी एक उशिरा लागते. भिंतीत खिळे सात, पैकी दोन वाकडे. स्वयंपाकघर. ओटा, काळा कडप्पा, उजव्या कोपऱ्यात टवका (जुना). नळ एक, बंद केल्यावर सहा थेंब पडून थांबतो. संडास. फ्लश चालू. कडी वर ओढून लावावी लागते, शिकवले."

प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. लातूरहून आलेला एक इंजिनिअर पोरगा या यादीवर सही करताना म्हणाला, "काका, मला नोकरी देताना कंपनीने एवढं विचारलं नव्हतं." नानांना ती प्रशंसा वाटली. तो पोरगा तीन वर्षं राहिला. सोडून जाताना यादी पुन्हा वाचली गेली आणि नळाचे थेंब नऊ निघाले. नानांनी डिपॉझिटमधून एक रुपया कापला नाही, पण "वाढ: तीन थेंब" असं लिहून त्याची सही मात्र घेतली. वर त्याला नानींच्या हातचा लाडवांचा डबा मिळाला. डब्याची पोचपावती घेतल्याचं मला नंतर कळलं.

भाडं बँकेत जमा होतं. तरी नाना दर महिन्याला पावती करतात. पाच हजारांच्या वरच्या रोखीच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. बँकेतून आलेल्या पैशाला लागत नाही. नानांना हे ठाऊक आहे. तरी ते स्टॅम्प जिभेला लावून चिकटवतात आणि त्यावर आडवी सही करतात. "पावती बोडकी दिसते नाहीतर." जानेवारीत कंपन्या पुरावे मागायला लागल्या की पुण्यातल्या भाडेकरूंची एकच धावपळ सुरू होते. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर घरभाडे भत्त्यासाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि मालक लोक पॅन म्हटलं की फोन उचलायचे थांबतात. नाना पॅनची प्रत, बारा पावत्या आणि सोबत पत्र असं स्वतः नेऊन देतात, तेही डिसेंबरात. एका भाडेकरूने मात्र चाचरत विचारलं होतं, "काका, पावत्या अठराच्या आहेत, पंचवीसच्या करून द्याल का? तुमचं काही जात नाही." त्याला नानांचं तीन परिच्छेदांचं उत्तर गेलं. जावक क्रमांकासह. विषय: आपली दिनांक अमुकची तोंडी विनंती.

याच सचोटीने ते एकदा महापालिकेत गेले. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात चाळीस टक्के सवलत मिळते. ती मध्ये काढून घेतली होती, २०२३ मध्ये परत आली, आणि सारं शहर पीटी-३ चा अर्ज भरायला लोटलं. त्या रांगेत नाना आपला फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, सबब सवलत देऊ नये, असा अर्ज घेऊन उभे होते. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. मग आवाज खाली आणून विचारलं, "काका, तुम्हाला कुणी काही विचारलंय का?"

"नाही."

"मग घरी जा ना."

"पोच हवी," नाना म्हणाले.

या माणसाचं दुःख एवढंच, की आयकर खात्याला त्यांचा काही उपयोग नाही. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेला मिळकतकर वजा जातो आणि उरलेल्यावर सरकार तीस टक्के सरसकट सोडून देतं. दुरुस्ती केली का, किती केली, बिल आहे का, काही विचारत नाही. नानांकडे वॉशरचंसुद्धा बिल आहे. गीझरच्या कॉइलचं आहे, ती बसवणाऱ्याने वहीच्या पानावर लिहून दिलेल्या मजुरीचं आहे. हे सारं घेऊन ते दर जुलैत रिटर्न भरायला बसतात आणि दर जुलैत त्यांना कळतं, की रिटर्नला एकही कागद जोडायची सोय नाही. ज्याने काहीच खर्च केला नाही त्यालाही तीस टक्के आणि नानांनाही तीसच. "म्हणजे बिलं ठेवणारा आणि न ठेवणारा एकाच रांगेत!" एवढा उद्वेग मी त्यांच्या तोंडून निवडणुकीच्या निकालावरही ऐकलेला नाही.

सोसायटीशी मात्र त्यांचं भांडण कागदाच्या जोरावर जुनं आणि जिंकलेलं आहे. तिकडच्या नव्या कमिटीने भाडेकरू ठेवणाऱ्यांना महिना हजार रुपये जादा लावायचं ठरवलं. सर्वसाधारण सभेत ठराव येताच नाना उठले आणि खिशातून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. चेअरमन म्हणाले, "सभा सर्वोच्च आहे." नाना म्हणाले, "सभेच्या वर कलम ७९-अ आहे." आणि कागद टेबलावर ठेवला. तेव्हापासून नानांना महिना दीडशे रुपये लागतात, आणि बाकीच्या मालकांनाही, जे त्या दिवशी सभेला आलेच नव्हते.

वर्षअखेर होते ती अहवालाने. एप्रिलच्या पहिल्या रविवारी नाना आपल्या एका फ्लॅटचा वार्षिक अहवाल सादर करतात. श्रोते ठरलेले: नानी, फोनच्या पडद्यावर टेक्सासहून जांभया देणारा मुलगा, आणि पोह्यांच्या आशेने आलेला मी. या वर्षीचा अहवाल अकरा पानी होता, पहिल्या पानावर इमारतीचा फोटो. नाना उभे राहून वाचतात.

"भाडे दरमहा अठरा हजार. एक महिना जागा रिकामी. जमा एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. खर्च. सोसायटी देखभाल सव्वीस हजार चारशे. बिनभोगवटा अठराशे. मिळकतकर नऊ हजार सहाशे. दुरुस्ती चौदा हजार तीनशे पन्नास, तपशील परिशिष्ट ब. एकूण खर्च बावन्न हजार एकशे पन्नास. निव्वळ शिल्लक एक लाख पंचेचाळीस हजार आठशे पन्नास."

"जागेची आज किंमत काय?" नानींनी विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"पासष्ट लाख. परिशिष्ट ड."

"म्हणजे किती टक्के पडले?"

नानांनी पान उलटलं. तो आकडा अहवालात होता, पण बारीक टाइपात. "दोन पूर्णांक चोवीस."

"आणि पोस्टातली ती ज्येष्ठ नागरिकांची योजना?"

"आठ पूर्णांक दोन. पण तिथे तीस लाखांच्या वर ठेवता येत नाहीत," नाना विजयाने म्हणाले.

नानींनी शेंगांचं टरफल बाजूला केलं. "तीस लाखांवर आठ पूर्णांक दोन म्हणजे दोन लाख सेहेचाळीस हजार. पासष्ट लाखांवर तुमचे एक पंचेचाळीस. उरलेले पस्तीस लाख गादीखाली ठेवले तरी आपण पुढे."

टेक्सासची जांभई अर्ध्यात थांबली. नाना चष्मा पुसायला लागले. मग त्यांनी भांडवली वृद्धीचं परिशिष्ट काढलं: १९९८ ची किंमत, आजची किंमत, विकला तर कर कसा बसेल. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जागेला साडेबारा टक्के बिननिर्देशांक किंवा वीस टक्के निर्देशांकासह, जो कमी बसेल तो. दोन्ही रीतींनी हिशेब करून, शेजारी शेजारी स्तंभ आखून. दोन पानं भरली होती.

"एवढं काढलंय तर विका की मग," नानी म्हणाल्या.

नानांनी अशा नजरेने पाहिलं, जणू कुणी मुलीच्या लग्नात हिला विकता का म्हणून विचारलं. "विकला," ते म्हणाले, "तर पुढच्या वर्षी अहवाल कशाचा लिहू?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. अहवाल एकमताने मंजूर झाला. पोहे आले.

मे महिन्यात फ्लॅट पुन्हा रिकामा झाला आणि बघायला एक मुलगी आली. लेखापरीक्षण खात्यात नव्यानेच लागलेली, मूळची साताऱ्याकडची. नाना नेहमीप्रमाणे फाइल उघडणार, तोच तिने आपल्या पिशवीतून फाइल काढली. "काका, आधी मला तुमचं शेअर सर्टिफिकेट आणि या वर्षीची मिळकतकराची पावती दाखवाल का? आणि लाइट बिलाची थकबाकी नाही ना, ते बघायचंय." नानांचा चेहरा मी शेजारून पाहत होतो. इतक्या वर्षांत एकाही भाडेकरूने त्यांना मालकीचा पुरावा मागितला नव्हता. ते घरी येऊन रुमाल सोडून मूळ प्रती घेऊन गेले, छायाप्रती नव्हे.

मग ताबा यादी. ती मुलगी नानांच्या बरोबरीने चालली. पंखा तीनवर लावून ऐकला. नळाचे थेंब मोजले. हॉलच्या भिंतीपाशी थांबली आणि पेन्सिलीने टोकून म्हणाली, "काका, खिळे आठ आहेत. हा कपाटामागचा राहिलाय."

नाना वाकले. चष्मा वर केला, खाली केला. खिळा होता. त्यांनी यादीतला सातचा आकडा एका रेघेने खोडला (गिरवायचा नाही, खाडाखोड वाचता आली पाहिजे), वर आठ लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. तिने मागितलेलं नसताना पेन तिच्यापुढे धरलं. तिनेही सही केली, आणि खाली तारीख घातली. तारीख नानांनी घातली नव्हती.

संध्याकाळी नानींनी विचारलं, "किती ठरलं?"

"सतरा."

"अठरा होतं ना? वाढवायचं सोडून कमी केलंत?"

"हजाराचं काय घेऊन बसलीस," नाना म्हणाले. "तिच्याकडे कॉलेजच्या खोलीपासूनच्या लाइट बिलांच्या मूळ प्रती आहेत. तारीखवार."